नफा वहीत दिसतो, मग पैसा कुठे गेला?

धंदा सुरू करून पाच-सहा महिने झालेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काम भरपूर आहे हो, पण हातात पैसा राहत नाही." ऐकणाऱ्याला वाटतं, खर्चाला धरबंध नसेल, नाहीतर भाव कमी लावला असेल. कधीकधी तसं असतंही. पण बऱ्याचदा भाव बरोबर असतो, खर्च आटोक्यात असतो, गिऱ्हाईक खूश असतं, वहीत नफा दिसत असतो, आणि तरीही पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसतात. पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्याला हे आधी कुणी नीट समजावून सांगत नाही. कल्पना कशी शोधावी, जाहिरात कशी करावी, धंद्याला नाव काय द्यावं, यावर सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. धंद्यातला पैसा कोणत्या वाटेने फिरतो आणि कुठे अडकून बसतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांत याहून महत्त्वाचं शिकण्यासारखं काही नाही, म्हणून हा सगळा लेख त्याच एका गोष्टीवर आहे.

अमेरिकेचा श्रम सांख्यिकी विभाग नव्याने सुरू होणाऱ्या व्यवसायांची नोंद वर्षानुवर्षं ठेवतो. त्या नोंदींनुसार साधारण पाचातला एक व्यवसाय पहिल्याच वर्षात बंद होतो, आणि पाच वर्षं पुरी होईपर्यंत जवळपास निम्मे उरलेले नसतात. प्रत्येकाची कारणं वेगळी असतात. कुणाचा माल चालला नाही, कुणाचं भागीदाराशी बिनसलं, कुणाची जागा चुकली. पण दुकानाला कुलूप लागण्याचा दिवस मात्र बहुतेकांच्या बाबतीत सारखाच असतो: देणं द्यायची तारीख आली आणि द्यायला पैसे नव्हते. तोट्यातला धंदासुद्धा पदरी पैसा असेपर्यंत तग धरतो. नफ्यातल्या धंद्यातला पैसा संपला, तर तो त्याच दिवशी अडतो.

हे समजायला कोरडी व्याख्या उपयोगाची नाही, हिशेबच मांडून बघू.

समजा, एका बाईने कंपन्यांना कामगारांचे गणवेश शिवून पुरवायचा धंदा सुरू केला. आकडे कोणत्याही चलनात धरा, गणित बदलत नाही. तिच्याजवळ भांडवल आहे २५०. शंभराच्या बिलामागे कापड, धागा, बटणं यांना ५० लागतात आणि शिलाईची मजुरी २०. म्हणजे ७० गेले, ३० राहिले. शिवाय जागेचं भाडं, वीज वगैरे मिळून दर महिन्याला १० ठरलेले, काम असो वा नसो. कापडवाला नव्या माणसाला उधार देत नाही, रोख घेतो. कारागिरांचे पैसे महिन्याच्या महिन्याला चुकते करावे लागतात. आणि गिऱ्हाईक कंपन्या बिल दिल्यापासून दोन महिन्यांनी पैसे देतात.

काम छान मिळू लागतं. पहिल्या महिन्यात १०० चं, दुसऱ्या महिन्यात १५० चं, तिसऱ्यात २०० चं, चौथ्यात २५० चं. नफा बघा: पहिल्या महिन्यात २०, मग ३५, मग ५०, मग ६५. चार महिन्यांत एकूण १७०. अडीचशेच्या भांडवलावर चार महिन्यांत एवढा नफा म्हणजे कुणीही पाठ थोपटेल.

आता गल्ला बघू. पहिल्या महिन्यात कापड, मजुरी, भाडं मिळून ८० बाहेर गेले, आत काहीच आलं नाही, शिल्लक १७०. दुसऱ्या महिन्यात ११५ गेले, अजूनही आत काही नाही, शिल्लक ५५. तिसऱ्या महिन्यात १५० गेले, पहिल्या महिन्याच्या बिलाचे १०० आले. शिल्लक फक्त ५. चौथ्या महिन्यात १८५ द्यायचे आहेत, आणि दुसऱ्या महिन्याचे १५० येणार आहेत. पाच आणि दीडशे मिळून १५५. तीस कमी पडले.

त्या महिन्यात तिने सर्वांत जास्त काम केलं, सर्वांत जास्त नफा कमावला, आणि त्याच महिन्यात कारागिरांचे पैसे थकले. पैसा गेला कुठे? तो हरवलेला नाही. तिसऱ्या महिन्याचे २०० आणि चौथ्याचे २५०, असे ४५० गिऱ्हाइकांकडे येणं आहे. तिचं मूळ भांडवल अधिक नफा होतो ४२०. म्हणजे तिची सगळी पुंजी आणि वर आणखी तीस, एवढी रक्कम ती आपल्याहून कितीतरी मोठ्या कंपन्यांना बिनव्याजी वापरायला देऊन बसली आहे.

हाच हिशेब काम न वाढता करून पाहा. दर महिन्याला फक्त १०० चंच काम असतं, तर शिल्लक पहिल्या महिन्याअखेर १७०, दुसऱ्याला ९०, तिसऱ्याला ११०, चौथ्याला १३०. कुठेच अडचण नाही. तिला अडवलं ते वाढीनेच. वाढत्या धंद्यात उद्याच्या मोठ्या ऑर्डरचा खर्च कालच्या लहान ऑर्डरच्या वसुलीतून भागवावा लागतो, आणि तो भागत नाही. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. १९८४ साली सुरू झालेली डेल ही संगणक कंपनी इतक्या झपाट्याने वाढली की १९९३ मध्ये रोकडीच्या टंचाईत सापडली. त्यानंतर त्यांनी वाढीपेक्षा हाती रोकड असण्याला वरचं स्थान दिलं, साठा कमी केला, आणि पुढे त्यांची पद्धतच अशी झाली की सुटे भाग पुरवणाऱ्यांना पैसे द्यायच्या आधी गिऱ्हाइकाचे पैसे हातात आलेले असत.

आपल्या गणवेशवाल्या बाईने एकच बदल केला असता तर? ऑर्डर घेताना ४० टक्के आगाऊ, उरलेले ६० टक्के दोन महिन्यांनी. तेच काम, तोच भाव, तोच खर्च. शिल्लक पहिल्या महिन्याअखेर २१०, मग १५५, मग १४५, मग १५०. हवं तर कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहा. नफ्यात एका पैचाही फरक पडला नाही, पण तिची झोप शाबूत राहिली.

आगाऊ मागताना जीभ का अडखळते

नव्या माणसाला आगाऊ रक्कम मागायची लाज वाटते. मागितली तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती असते. ही भीती मी समजू शकतो, पण ती बहुधा वाजवीपेक्षा जास्त असते. खास त्याच्या मापाने, त्याच्या नावाने, त्याच्या गरजेनुसार बनवून द्यायची वस्तू असेल तर बयाणा मागणं हे कोणत्याही धंद्यात रास्तच मानलं जातं. "कापड तुमच्या रंगाचं मागवायचं आहे, ते दुसऱ्या कुणाला चालणार नाही, म्हणून ऑर्डरबरोबर चाळीस टक्के लागतील," हे वाक्य सरळ आणि खरं आहे. कारण सांगून मागितलेली रक्कम लोक देतात. पूर्ण चाळीस नाही मिळाले तर तीस घ्या, निदान मालाची किंमत तरी सुटू द्या. काम लांबणारं असेल, तर टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला बिल द्या.

आणि जे गिऱ्हाईक काहीच आगाऊ देणार नाही, शिवाय तीन महिन्यांची उधारी मागेल, त्याला नाही म्हणायची तयारी ठेवा. ते काम मोठं दिसतं, नाव मोठं असतं, चार लोकांत सांगायला बरं वाटतं. पण ते तुमच्या खिशातून चालणार आहे, आणि तुमच्या खिशाची खोली फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

उधारी द्यावीच लागते, हे मान्य. कंपन्यांना माल पुरवणाऱ्या धंद्यात सगळं रोखीने होत नाही. पण देताना चार गोष्टी लेखी ठरवा: किती दिवसांची, कुठपर्यंतच्या रकमेची, पैसे देण्याचा अधिकार कुणाकडे आहे, आणि मुदत टळली तर काय. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. ऑर्डर देणारा माणूस वेगळा, बिल मंजूर करणारा वेगळा आणि पैसे सोडणारा वेगळा असतो. तुमची ओळख पहिल्याशी असते, बिल अडकतं दुसऱ्याकडे, आणि फोन तिसऱ्याला करायला हवा. माल पोचवण्याआधीच हिशेब विभागातल्या माणसाचं नाव विचारून ठेवा. बिलावर ऑर्डर क्रमांक हवा का, पोच पावतीची प्रत जोडायची का, हेही विचारा. बिल महिन्याअखेर सवडीने काढू, असं करू नका. माल गेला त्याच दिवशी बिल गेलं पाहिजे. दहा दिवस उशिरा काढलेलं बिल म्हणजे तुम्ही स्वतःहून दिलेली दहा दिवसांची जादा उधारी. मुदत संपायच्या चार-पाच दिवस आधी एक साधा, आदबशीर निरोप पाठवा: "अमुक तारखेला अमुक बिलाची मुदत आहे, काही कागद कमी असतील तर कळवा." यात तगादा नाही, त्यामुळे कुणाला राग येत नाही, आणि काही अडलं असेल तर वेळेत कळतं.

उशिरा पैसे मिळण्याचा हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की त्यावर कायदे झाले आहेत. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात व्यवसाया-व्यवसायांतल्या बिलांसाठी साधारण ६० दिवसांची मर्यादा घातली. भारताच्या २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आहे. तुम्ही जिथे असाल तिथला नियम जरूर माहीत करून घ्या. मात्र कायद्याचा आधार घेण्याची वेळ येते तेव्हा ते गिऱ्हाईक बहुधा गेलेलंच असतं, म्हणून खरी मेहनत सुरुवातीच्या अटींवर घ्यायची.

बुडीत खात्याचा हिशेबही एकदा करून ठेवा. शंभराच्या बिलात तीस सुटत असतील आणि ते बिल बुडालं, तर पदरचे सत्तर गेले. ते भरून काढायला दर शंभरामागे तीस या हिशेबाने आणखी सव्वादोनशेहून जास्त विक्री करावी लागते. एक बिल बुडणं म्हणजे पुढच्या दोन-सव्वादोन ऑर्डरींचं काम फुकट.

पैसा किती दिवस बाहेर असतो

तुमचा पैसा किती दिवस अडकतो, हे मोजायची एक सोपी रीत आहे. कच्चा माल आल्यापासून तयार माल विकला जाईपर्यंत किती दिवस? समजा ४०. विकल्यापासून पैसे येईपर्यंत किती? समजा ४५. आणि माल पुरवणारा तुम्हाला किती दिवसांची उधारी देतो? समजा ३०. चाळीस आणि पंचेचाळीस मिळून पंच्याऐंशी, त्यातून तीस वजा, राहिले ५५. म्हणजे आज घातलेला पैसा ५५ दिवसांनी परत हातात येणार, आणि तेवढे दिवस धंदा चालवण्याइतकं खेळतं भांडवल तुमच्याजवळ असलंच पाहिजे. एका दिवसाचा सरासरी खर्च काढा, त्याला पंचावन्नने गुणा, म्हणजे ढोबळ आकडा मिळेल. बहुतेक लोक यंत्र, फर्निचर, पाटी, रंगरंगोटी यांचा खर्च बारकाईने मांडतात आणि हा आकडा मांडतच नाहीत. मग उद्घाटनाच्या दिवशी दुकान देखणं असतं आणि दुसऱ्या महिन्याचा माल भरायला पैसे नसतात.

हे पंचावन्न दिवस कमी करायला तीन बाजूंनी हात घालता येतो. वसुलीबद्दल वर बोललोच. दुसरी बाजू मालाची. पडून राहिलेला माल डोळ्यांना संपत्तीसारखा दिसतो, म्हणून त्याची चिंता वाटत नाही. "घाऊक घेतला तर दहा टक्के स्वस्त पडतो" म्हणून सहा महिन्यांचा माल भरून ठेवला, की दहा टक्के वाचतात खरे, पण तो पैसा सहा महिने अडकतो, माल खराब होतो, जुना पडतो, जागा खातो. सुरुवातीला थोडा महाग पडला तरी चालेल, लागेल तेवढाच घ्या. काय खपतं आणि काय पडून राहतं हे तुम्हाला अजून कळलेलं नाही, आणि ते कळेपर्यंत घाऊक खरेदी हा जुगार आहे. न खपलेल्या मालावर तारीख टाकायची सवय लावा. तीन महिने हलला नाही तर भाव पाडून काढून टाका. त्यातून आलेला पैसा खपणाऱ्या मालात घातला तर वर्षभरात चार वेळा फिरेल.

याबाबत टोयोटाचा इतिहास सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९-५० च्या सुमारास, ही कंपनी बुडण्याच्या बेतात होती. हप्त्याने विकलेल्या गाड्यांची वसुली होत नव्हती. बँकांच्या एका गटाने कर्ज दिलं म्हणून ती वाचली. पण कामगारकपात झाली, मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांना १९५० मध्ये अध्यक्षपद सोडावं लागलं. पुढे जगाने ज्या कंपनीकडून साठा कमीत कमी कसा ठेवावा हे शिकून घेतलं, ती हीच.

तिसरी बाजू माल पुरवणाऱ्यांची. नव्या माणसाला उधार मिळत नाही, ती मिळवावी लागते. पहिले तीन-चार व्यवहार रोखीने, ठरल्या दिवशी, न सांगता चुकते केले की पंधरा दिवसांची मुदत मागायला तोंड उघडतं. ती मिळाली की तारीख चुकवू नका. अडचण आलीच, तर तारखेच्या आधी फोन करा आणि नवी तारीख सांगा. पुरवठादार उशीर सहन करतो, गप्प बसलेला माणूस त्याला सहन होत नाही.

इथे एक बारीक गोष्ट. कधीकधी पुरवठादार म्हणतो, तीस दिवसांनी द्या, पण दहा दिवसांत दिलेत तर दोन टक्के सूट. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते फक्त वीस दिवस आधी देण्याबद्दल मिळतात. वर्षाच्या हिशेबाने तो दर ३७ टक्क्यांच्या आसपास जातो. हातात पैसा मोकळा असेल तर अशी सूट सोडू नका.

भाव ठरवताना

भावात चूक असेल तर वरचं सगळं करूनही उपयोग नाही, म्हणून थोडं त्याबद्दल. पहिली गल्लत खर्चावरचे टक्के आणि विक्रीवरचे टक्के यांत होते. वस्तूला ८० खर्च आला, त्यावर २५ टक्के चढवले, भाव झाला १००. मालकाच्या डोक्यात "आपल्याला पंचवीस टक्के सुटतात" हे पक्कं बसतं. मग कुणी घासाघीस केली की तो वीस टक्के सूट देतो आणि समजतो, पाच टक्के तरी राहिले. शंभरातून वीस गेले, राहिले ऐंशी, आणि खर्च ऐंशीच होता. हाती शून्य.

सूट देण्याचा हात जरा आखडताच ठेवा. शंभरामागे तीस सुटत असतील आणि तुम्ही दहा टक्के सूट दिली, तर तिसाचे वीस झाले. पूर्वीइतकेच पैसे मिळवायला आता दीडपट विक्री हवी, म्हणजे दीडपट माल, दीडपट मेहनत, आणि उधारीचा धंदा असेल तर अडकलेला पैसाही वाढला. उलट, भाव दहा टक्के वाढवला आणि त्यामुळे चौथा हिस्सा विक्री गेली, तरी मिळकत तीच राहते, शिवाय कामाचा बोजा कमी होतो. नवा माणूस स्वस्त भावाने शिरकाव करू पाहतो, कारण आपल्याजवळ दुसरं काही नाही असं त्याला वाटतं. मला हा मार्ग धोक्याचा वाटतो. लहान धंद्याजवळ मोठ्यापेक्षा कमी खर्चात माल बनवायची ताकद नसते. त्याच्याजवळ असते ती लवचीकता, मालकाचं जातीने लक्ष, दिलेला शब्द पाळणं. भाव त्याचा घ्या.

आणि भावात तुमची स्वतःची मजुरी धरा. मालक सुरुवातीला पगार घेत नाही हे ठीक, पण हिशेबात तो असायला हवा. तुम्ही दिवसाचे बारा तास राबता तेवढ्या कामाला माणूस ठेवला असता तर काय द्यावं लागलं असतं? ते मांडल्यावरही नफा दिसतो का? दिसत नसेल, तर तो धंदा तुमच्या फुकट मेहनतीवर चाललेला आहे, आणि उद्या तुम्ही आजारी पडलात किंवा माणूस ठेवायची वेळ आली की तो चालणार नाही.

ना नफा ना तोटा कुठे, हेही दोन मिनिटांत निघतं. ठरलेला मासिक खर्च भागिले शंभरामागे सुटणारा वाटा. आपल्या गणवेशवाल्या बाईचा ठरलेला खर्च १० आणि वाटा ३० टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ३४ ची विक्री झाली की तिचं भागतं. तिने मोठी जागा घेतली, ठरलेला खर्च ४० झाला, की हाच आकडा १३४ वर जातो. जागा बघायला जाण्याआधी हा भागाकार करायचा.

उसना पैसा

कर्ज घेणं वाईट नाही, चुकीच्या कामासाठी चुकीच्या मुदतीचं घेणं वाईट. यंत्र पाच वर्षं चालणार असेल तर त्यासाठी काही वर्षांच्या मुदतीचं कर्ज घ्या. माल आणि उधारीसाठी लागणारा पैसा दोन-तीन महिन्यांत परत येतो, त्यासाठी बँकेच्या खात्यावर मिळणारी फिरती मर्यादा बरी, म्हणजे लागेल तेव्हा ठरल्या रकमेपर्यंत उचलायचं आणि वसुली आली की भरायचं. सर्वांत जास्त धंदे अडकताना दिसतात ते खेळत्या भांडवलातून यंत्र घेतल्यामुळे. "पैसे पडलेच आहेत, कशाला व्याज भरा" असं वाटून रोख यंत्र घेतलं जातं, आणि मग त्या यंत्रावर चढवायला माल घ्यायचे पैसे उरत नाहीत. अशा वेळी धावपळीत जे कर्ज मिळतं ते सर्वांत महाग असतं.

व्याजाचा दर विचारताना "कशावर?" हे जरूर विचारा. १२० चं कर्ज, एका वर्षात बारा हप्त्यांत फेडायचं, सरसकट १२ टक्के व्याज, म्हणजे १४.४० व्याज. ऐकायला बारा टक्के. पण तुम्ही दर महिन्याला १० मुद्दल फेडत जाता. वर्षभरात तुमच्याजवळ सरासरी फक्त ६५ च राहतात. १४.४० व्याज त्या पासष्टावर पडलं. खरा दर २१ ते २२ टक्क्यांच्या घरात गेला. उतरत्या शिलकीवर आकारणी असेल तरच सांगितलेला दर हा खरा दर असतो.

नातेवाइकांकडून घेतलेले पैसेही कागदावर आणा. कर्ज की भागीदारी, परत कधी, बुडाले तर काय, हे नात्यात गोडवा आहे तेव्हाच लिहून घ्यायचं.

याला लागूनच: धंद्याचं खातं वेगळं, घरचं वेगळं, पहिल्या दिवसापासून. घरासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम एकदाच काढा, ती संपली तर गल्ल्यात हात घालू नका. कंपनी स्थापन केली की मालक वेगळा आणि कंपनी वेगळी, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८९६ साली सॅलोमन नावाच्या एका बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात पक्कं झालं. पण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँका मालकाची वैयक्तिक हमी मागतात, आणि त्या सहीबरोबर ती भिंत निघून जाते. सही करण्यापूर्वी हे घरच्यांना सांगितलेलं बरं.

गिऱ्हाइकाकडून बिलात गोळा केलेला कर हाही तुमचा पैसा नाही. तो सरकारचा, तुमच्याकडे काही दिवस ठेवलेला. खात्यातली रक्कम त्यामुळे फुगलेली दिसते आणि भरणा करायच्या आठवड्यात धाप लागते. तो वेगळ्या खात्यात टाकत जा.

एक कागद, तेरा आठवडे

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणितज्ञाने जमा-नावे पद्धतीचं छापील विवेचन प्रसिद्ध केलं. व्यापाऱ्याला तीन गोष्टी लागतात असं तो सांगतो: रोकड, चांगला हिशेबनीस, आणि सगळे व्यवहार नीट ओळीने मांडायची शिस्त. त्याने रोकड पहिली घेतली, आणि पाचशेहून जास्त वर्षांनी तो क्रम बदलावा असं मला वाटत नाही.

करायचं काय, तर एक मोठा कागद घ्या किंवा संगणकावर तक्ता उघडा. वर पुढच्या तेरा आठवड्यांच्या तारखा. पहिल्या ओळीत आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक. खाली येणारे पैसे, एकेका बिलाप्रमाणे, गिऱ्हाइकाच्या नावासह. त्याखाली जाणारे: मजुरी, माल, भाडं, हप्ता, कर, तुमचा घरखर्च. शेवटी आठवड्याअखेरची शिल्लक, तीच पुढच्या आठवड्याची सुरुवात. येणारे पैसे बिलावरच्या मुदतीप्रमाणे लिहू नका, ते गिऱ्हाईक खरोखर कधी देतं त्याप्रमाणे लिहा. एखादा नेहमी वीस दिवस उशीर करतो, तर वीस दिवस पुढेच लिहा. जाणारे पैसे मात्र ठरल्या तारखेलाच.

दर आठवड्याला, ठरलेल्या एका दिवशी, अर्धा तास यावर बसा. झालेला आठवडा खोडा, शेवटी एक नवा जोडा. नववा आठवडा उणे दिसतोय हे आज कळलं, तर तुमच्याजवळ दोन महिने आहेत: एखादी खरेदी पुढे ढकलता येते, वसुलीला आधीच लागता येतं, बँकेत शांतपणे जाऊन बोलता येतं. तेच नवव्या आठवड्यात कळलं तर समोर फक्त सावकार उरतो. हिशेबनीस असला तरी हा कागद मालकानेच भरावा असं माझं ठाम मत आहे. हिशेबनीस झालेल्या गोष्टी लिहितो. पुढच्या आठवड्यात कोण पैसे देईल आणि कोण टोलवेल, हे मालकालाच माहीत असतं.

हा कागद भरताना आणखी एक गोष्ट दिसते. येणाऱ्या पैशाच्या ओळींत एकाच गिऱ्हाइकाचं नाव निम्म्याहून जास्त जागा अडवत असेल, तर त्याचा एक उशीर तुमचा महिना बुडवू शकतो. त्याला सोडायचं नाही, पण बाकीची नावं वाढवायला आजपासून लागायचं.

आणि ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांनी हा तक्ता पैसे घालण्याआधी एकदा भरावा, अंदाजाने का होईना. विक्री ठरवली त्याच्या निम्मी धरा, वसुली ठरवली त्यापेक्षा महिनाभर उशिरा धरा, आणि बघा शिल्लक जास्तीत जास्त कुठपर्यंत खाली जाते. तेवढी रक्कम तुमच्याजवळ नसेल तर धंदा लहान करा: जागेऐवजी घरातून, स्वतःच्या यंत्राऐवजी भाड्याच्या यंत्रावर, दहा प्रकारच्या मालाऐवजी दोन प्रकारांवर. त्याच कागदाच्या तळाशी आणखी एक आकडा लिहा: एकूण किती पैसा गेला की थांबायचं. घरातल्या ज्या माणसाशी तुमचे पैशाचे व्यवहार एकत्र आहेत, त्याला तो आकडा दाखवा आणि त्याचंही मत घ्या. पैसा संपत आलेला असताना हा आकडा ठरवता येत नाही. तेव्हा प्रत्येकाला अजून एकच महिना हवा असतो.